भुंगेऱ्यांची रात्र आणि नोंदवही : विद्यार्थी निसर्ग मंडळांचे शेतीतील स्थान

वळवाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की दिवेलागणीच्या सुमारास बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर आणि बोरीवर हुमणीचे भुंगेरे जमू लागतात. रात्री ते पाला खातात, त्यांचे मिलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा जमिनीत शिरतात. मादी मातीत अंडी घालते. त्यांतून निघणाऱ्या अळ्या ऊस, भुईमूग, सोयाबीन यांसारख्या पिकांची मुळे कुरतडतात. पीक पिवळे पडून सुकू लागल्याचे शेतकऱ्याच्या ध्यानी येते, तेव्हा अळी बहुधा तिसऱ्या, सर्वांत खादाड अवस्थेत पोचलेली असते आणि उपायांची धार बोथट झालेली असते.

म्हणूनच हुमणीविरुद्धची खरी लढाई त्या मोजक्या संध्याकाळींमध्ये लढली जाते. आकडीने फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे वेचायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून नष्ट करायचे, एवढाच तो उपाय. मात्र एकट्या शेतकऱ्याने तो करून भागत नाही, कारण शेजारच्या शिवारातले भुंगेरे बांध ओळखत नाहीत. त्यासाठी एकाच वेळी पुष्कळ हात लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत पेरणीपूर्व मशागतीमुळे गावात हात मोकळे नसतात. विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील विद्यार्थी निसर्ग मंडळांचा शेतीशी असलेला संबंध इथून सुरू होतो.

परंपरा अभ्यासाची

अशा मंडळांचे नाव काढताच वृक्षारोपण, घोषवाक्ये आणि 5 जूनची फेरी एवढेच चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. भारतातील विद्यार्थी चळवळीचा इतिहास त्याहून समृद्ध आहे. दिल्लीतील अरवलीच्या कटक-वनाचे रक्षण करण्यासाठी 1979 मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या मोहिमेतून ‘कल्पवृक्ष’ ही संस्था उभी राहिली. पुढे 1983 मध्ये तिच्या सदस्यांनी दिल्ली विद्यापीठाच्या हिंदू महाविद्यालयातील निसर्ग मंडळाबरोबर नर्मदेच्या खोऱ्यातून अभ्यासयात्रा केली. गावोगावच्या लोकांशी बोलून, पाहिलेले टिपून या तरुणांनी अभ्यास-अहवाल तयार केला. धरणप्रकल्पांविषयी कोणाचे मत काहीही असो, त्या यात्रेतून एक धडा निश्चित मिळतो. प्रवासाच्या आठवणी सहभागी झालेल्यांपुरत्या उरतात, लिहिलेला अभ्यास मात्र इतरांच्याही कामी येतो.

हाच धडा आज पक्षिगणनेत दिसतो. दर फेब्रुवारीत होणाऱ्या जागतिक पक्षिगणनेच्या चार दिवसांत देशभरातील अनेक महाविद्यालयांचे विद्यार्थी आपापल्या परिसरातील पक्षी मोजतात. नियम साधा आहे : किमान 15 मिनिटे निरीक्षण करायचे आणि ओळखता आलेल्या प्रत्येक पक्ष्याची नोंद करायची. केरळमधील विद्यार्थी आणि आसाममधील विद्यार्थी एकच पद्धत पाळतात, म्हणून त्यांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचता येतात. शेतीच्या दृष्टीने तर कोतवाल आणि गायबगळा यांची उपस्थिती हीसुद्धा महत्त्वाची माहिती आहे, कारण हे दोन्ही पक्षी मोठ्या प्रमाणावर कीटक खातात.

शेतातील निरीक्षणाची तीन कामे

पक्षिगणनेतील ही शिस्त शेतात आणली, तर निसर्ग मंडळांना किमान तीन उपयुक्त कामे करता येतात.

पहिले काम सापळ्यांच्या नोंदींचे. कपाशीतील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा त्याहून अधिक पतंग आढळले, तर नुकसानीची आर्थिक पातळी गाठली गेली असे मानतात. या निकषातील ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सापळे लावले जातात, पण पतंग रोज मोजले जात नाहीत, हे विस्तार कार्यकर्त्यांना नित्य दिसणारे वास्तव आहे. चार विद्यार्थ्यांनी पाळी लावून घेतली, तर ही उणीव भरून निघते. त्या जोडीला त्यांनी 20 हिरवी बोंडे फोडून पाहिली आणि त्यांपैकी दोन किडलेली निघाली, तर फवारणीचा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.

दुसरे काम प्रकाश सापळ्याचे. सापळ्याभोवतीची एक रात्र म्हणजे कीटकशास्त्राचा उत्तम पाठ असतो. परंतु सापळा रात्रभर जळत ठेवला, तर त्यात मित्रकिडीही मरतात. म्हणून तो सायंकाळी दोन-तीन तासच चालवावा, सापडलेल्या कीटकांची शत्रू आणि मित्र अशी विभागणी करावी आणि दोन्हींची संख्या लिहावी. नुसत्या हानिकारक पतंगांचा आकडा अर्धे सत्य सांगतो.

तिसरे काम ओळख करून देण्याचे. ढाल किड्याची काळसर, काटेरी अळी पाहून ती पीक खाते असे समजून फवारणी केली जाते. वास्तविक ती मावा खात असते. क्रायसोपाची देठावर उभी असलेली पांढरी अंडी कित्येकांना बुरशी वाटतात. फुगून तपकिरी पडलेला, पाठीला गोल छिद्र असलेला मावा म्हणजे परोपजीवी गांधीलमाशीने आपले काम पूर्ण केल्याची खूण होय. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली आणि अल्पावधीत देशभर पसरली. डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराची खूण आणि मागील टोकाजवळ चौकोनात मांडलेले चार ठिपके यांवरून ती ओळखता येते. हातभिंगातून हे सारे शेतकऱ्याला त्याच्याच शेतात दाखविणे हे शंभर पत्रके वाटण्याहून अधिक परिणामकारक ठरते.

खंड पडण्याचा धोका

या मंडळांची सर्वांत मोठी दुर्बलता त्यांच्या स्वरूपातच आहे. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात आणि त्यांच्याबरोबर वह्या, छायाचित्रे आणि गावातील ओळखीही जातात. नवी तुकडी पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करते. शिवाय भुंगेरे बाहेर पडतात तो काळ परीक्षांचा अथवा सुट्टीचा असतो. मंडळाची सर्वाधिक गरज असताना वसतिगृहे रिकामी असतात.

सातत्याचे मोल माजुलीच्या अनुभवातून कळते. ब्रह्मपुत्रेतील या बेटावर जोरहाटच्या आसाम कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांना सोबत घेऊन हुमणीचे भुंगेरे गोळा करण्याच्या सामूहिक मोहिमा राबविल्या. तेथील प्रमुख जातीचे जीवनचक्र दोन वर्षांचे आहे. यंदा भुंगेरे वेचले तरी जमिनीत वाढत असलेली दुसरी पिढी पुढच्या वर्षी वर येणारच असते. अशा किडीपुढे एका हंगामाचा उत्साह पुरत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांना काय करता येईल

मंडळाला ‘काही उपक्रम करा’ असे सांगण्याऐवजी एक गाव, एक पीक आणि एक प्रश्न नेमून द्यावा. त्याच गावातील अथवा पंचक्रोशीतील विद्यार्थ्यांना वळवाच्या काळाची जबाबदारी सोपवावी, म्हणजे सुट्टी आड येणार नाही. कृषी पदवीच्या ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना या नोंदींत सामील करून घ्यावे. रात्रीच्या फेरीत बूट, विजेरी आणि शेतमालकाची संमती अनिवार्य असावी. पहिल्या पावसानंतर सापही बाहेर पडलेले असतात, याचे भान ठेवावे.

नोंदवहीत तारीख, वेळ, पाऊस, पीक, झाडाचा प्रकार आणि कीटकांची संख्या एवढे रकाने पुरेसे आहेत. ज्या दिवशी काहीच आढळले नाही, त्या दिवशी शून्य लिहावे. रिकामा रकाना आणि शून्य यांचा अर्थ एक नव्हे. दर आठवड्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत, कारण ज्याच्या शेतात मोजणी झाली त्याला निष्कर्ष सर्वांत आधी कळला पाहिजे. प्रगतिशील शेतकऱ्यांनीही विद्यार्थ्यांना आपल्या निरीक्षणांची जोड द्यावी. कोणत्या झाडावर भुंगेरे आधी येतात, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते.

वर्षअखेरीस मंडळाचा एक कार्यक्रम अवश्य व्हावा : जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीच्या हाती नोंदवही सुपूर्त करण्याचा. तिची एक प्रत गावात राहावी. पुढच्या वळवाला कडुनिंबाखाली उभ्या राहिलेल्या नव्या मुलांना मागील वर्षी भुंगेरे कोणत्या तारखेला, कोणत्या झाडावर आणि किती आले, हे वाचता आले, तर त्या शिवारातील हुमणीशी लढा देणारा शेतकरी एकटा राहणार नाही.