केसपेपरवर नसलेली मुलं

सरकारी दवाखान्यात मानसिक आजाराचा रुग्ण आला की केसपेपरवर त्याचं नाव, वय, गाव, लक्षणं आणि गोळ्या लिहिल्या जातात. घरी मुलं किती, केवढी, सध्या त्यांच्याकडे कोण बघतंय, हा प्रश्न निघेलच असं नाही. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि उपचारांवाचून राहिलेल्यांचं प्रमाण आजारागणिक 70 ते 92 टक्के होतं. यातले कितीतरी जण कुणाचे तरी आई-बाप आहेत.

डहाणू तालुक्यातल्या सायवनसारख्या गावात उपचार घेणं आणखी अवघड होतं. प्राथमिक आरोग्य केंद्र गावात आहे, कासा आणि डहाणूला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, पण मनोरुग्णालय ठाण्याला, शंभर किलोमीटरच्या आसपास. भात घरात आला, दिवाळी झाली की बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर किंवा मासेमारीच्या बोटींवर कामाला जातात आणि चालू असलेली औषधं तुटतात. या सगळ्यात पोरांचं काय होतं, याबद्दल वस्तीवर, शाळेत आणि दवाखान्यातसुद्धा जे ऐकू येतं, त्यातलं बरंचसं चुकीचं आहे.

“बाहेरचं लागलंय, दवाखान्याचं काम नाही.”

आई रात्रभर जागी राहते, एकटीच बोलते, कुणीतरी मारायला येतंय म्हणते. पहिली वाट भगताची. भगत तांदळाचे दाणे पाहतो, कुणाचा कोप ते सांगतो, कोंबडा मागतो. वारली समाजात भगताला मान आहे आणि तो अडीअडचणीला मध्यरात्रीही भेटतो. डॉक्टर भेटतीलच असं नाही. त्यामुळे ‘भगताकडे जाऊच नका’ असं बाहेरून येऊन बजावणं मला फारसं उपयोगाचं वाटत नाही. घरच्यांना धीर येत असेल तर देवाचं करावं. पण गोळ्या थांबवायच्या नाहीत आणि माणसाला मारहाण करायची नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने-साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मानसिक आजारी माणसाला साखळीने बांधायला 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही बंदी घातली आहे. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या आश्रमात 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा साखळदंडात अडकलेली 28 माणसं पळता न आल्यामुळे जळून गेली. त्यानंतरही कायद्याने अशी बंदी यायला इतकी वर्षं लागली.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम झाला. दुआ मागायला आलेल्या माणसाला तिथेच डॉक्टरही भेटायचे आणि मुजावरच रुग्णाला त्यांच्याकडे पाठवायचे. शेजारच्या तलासरी तालुक्याची हद्द ओलांडली की गुजरातच लागतं, ही वाट आपल्याला परकी नाही.

भगताच्या वाटेत मुलांसाठी एक वेगळा धोका आहे. खापर एखाद्या बाईवर फुटतं आणि ती ‘भुताली’, म्हणजे चेटकीण, ठरते. कधी ती शेजारीण असते, कधी आजारी आई स्वतःच. मग तिची पोरं भुतालीची पोरं होतात. त्यांच्याबरोबर कुणी खेळत नाही, पाणवठ्यावर त्यांना लांब ठेवतात. आजार औषधाने आटोक्यात येतो. हा शिक्का पुसायला गोळी नाही.

“दारू पितो तो, आजारी थोडाच आहे?”

आजारीच आहे. 2017च्या कायद्याने मानसिक आजाराची जी व्याख्या केली, तिच्यात दारू आणि इतर अमली पदार्थांच्या व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात. पण आजार म्हणून मारहाण माफ होत नाही. घरात मार पडत असेल तर बापाचं व्यसन सुटेपर्यंत मुलांनी थांबायचं नसतं. त्यांची सोय आधी.

“लहान आहेत, त्यांना काय कळतंय?”

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होत असावं. मुलाला आजाराचं नाव कळत नाही, पण आई कालपासून जेवली नाही, बाप दार लावून बसलाय, आजी हळू आवाजात बोलतेय, हे सगळं त्याला दिसतं. खरं कुणी सांगितलं नाही तर ते स्वतःच अर्थ लावतं आणि तो बहुधा स्वतःवर येतो: मी हट्ट केला म्हणून आई अशी झाली. पाच-सहा वर्षांच्या पोराने हा दोष मनात धरला तर तो कुणाला सांगतही नाही. मग पोटात दुखतं, अंथरूण ओलं होतं, शाळेत मारामारी होते आणि पोरगा बिघडला म्हणून ओरडा खातो.

सांगायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. आजी, मामा, आशाताई, गुरुजी, ज्याच्यावर मुलाचा जीव आहे त्याने त्याच्या बोलीत सांगावं. आईला आजार झालाय, त्यामुळे ती अशी बोलते. तो तुझ्यामुळे झालेला नाही. तो बरा करणं तुझं काम नाही, त्याला डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत. आणि रात्री भीती वाटली तर पळत काकूच्या घरी यायचं, ती दार उघडेल. यातलं शेवटचं वाक्य सांगण्याआधी काकूला विचारून घ्यावं. मोठ्या मुलांना आजाराचं नावही सांगावं आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. ‘आई उद्या बरी होईल’ असं खोटं मात्र सांगू नये. उद्या उजाडतो आणि मोठ्यांवरचा विश्वास जातो.

फिनलंडच्या मानसोपचारतज्ज्ञ टुटी सोलान्टाउस यांनी आई-बापाशी मुलांविषयी बोलण्याचीही एक पद्धत बसवली. रुग्णावर उपचार करणाऱ्यानेच आई-बापाबरोबर बसायचं आणि मुलाचं काय चाललंय, त्याला काय जमतं, कुठे अडतं, यावर बोलायचं. आजारी माणसाला पालक म्हणून विचारलं जातं, एवढ्यानेही त्याला बळ येतं.

“मोठी पोर शहाणी आहे, सगळं सांभाळते.”

सांभाळते खरी. पाणी भरते, भाकऱ्या टाकते, धाकट्याला कडेवर घेते. आदिवासी घरात मुलं कामं करतातच, त्यात वाईट काही नाही. पण आईने गोळी गिळली का ते तीच बघते, रात्री आई घराबाहेर जाऊ नये म्हणून दारात तीच झोपते, घरातला कोयता तीच लपवते, तेव्हा ती घरातली बाप्या माणूस झालेली असते आणि शाळेच्या हजेरीत तिच्या नावापुढे खाडे पडत जातात. कौतुक करणाऱ्यांना ते खाडे दिसत नाहीत.

डहाणू तालुक्यालाच याचं उत्तर एकदा सापडलं होतं. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बालशिक्षणाच्या कामासाठी बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. पोरं शाळेत येत नाहीत कारण ती गुरं राखतात, हे दिसल्यावर त्यांनी पोरांना दोष दिला नाही. गुरं चरतात तिथे कुरणशाळा नेली. आज तेच करायचं तर खाडे पडणाऱ्या मुलीच्या घरी गुरुजींनी एक चक्कर टाकावी, तिच्या डोक्यावरचं एखादं काम कुणा मोठ्याने उचलावं, आणि अंगणवाडीताईंनी धाकट्याला दिवसभर सांभाळून घ्यावं. एवढ्याने ती वर्गात परत येऊ शकते.

“आश्रमशाळेत टाकलं की सुटलं.”

अर्धं खरं आहे. दोन वेळचं जेवण, अंथरूण, शिस्त आणि शांत झोप हे सगळं अशा मुलाला हवंच असतं. पण काळजी मुलाबरोबर वसतिगृहात जाते. घरी आई कशी आहे हे कळलं नाही तर ते पुस्तकात लक्ष घालू शकत नाही आणि पळून घरी येतं. अधीक्षकांना घरची परिस्थिती माहीत असावी आणि आठवड्यातून एकदा फोन लावून द्यावा. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी ही खरी परीक्षा: त्या दिवसांत मूल कुणाकडे राहणार हे आधी ठरवायला हवं, कारण तेव्हा घर भट्टीवर गेलेलं असू शकतं.

“वेडी बाई मूल काय सांभाळणार? काढून घ्या.”

2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उलट सांगतो. आई मनोरुग्णालयात असेल आणि मूल तीन वर्षांच्या आतलं असेल, तर एरवी त्यांची ताटातूट करायची नाही. मुलाला धोका आहे असं मानसोपचारतज्ज्ञाचं मत पडलं तरच तात्पुरतं वेगळं ठेवायचं, तेव्हाही आईला देखरेखीखाली मूल भेटायचं, आणि त्या निर्णयाचा दर 15 दिवसांनी फेरविचार व्हायचा. बंगळूरच्या निम्हान्समध्ये 2009पासून आई आणि बाळाला एकत्र दाखल करणारा विभागही आहे.

बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार हजार बाळंतिणींत एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. आशाताई बाळाला बघायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जातातच. बाळंतीण झोपत नाही, बाळाबद्दल विचित्र बोलते, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ही तातडीची वेळ असते. उपचार मिळाले तर बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात.

“रक्तातच आहे, पोरंही तशीच निघणार.”

एका पालकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला तोच आजार होण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास असते. एरवी ती शंभरात एक. म्हणजे शंभरातल्या नव्वदांना तो होत नाही. नैराश्य आणि इतर आजार धरले तर धोका नक्कीच मोठा आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. पण उपाशीपोट, मारझोड आणि एकटेपण यांचाही त्यात वाटा असतो, आणि हे बदलणं आपल्या हातात आहे.

पुण्यात बापू ट्रस्ट उभारणाऱ्या भार्गवी दावर अशाच एका आईची मुलगी. मनोरुग्णालयांत कोंडलेली आई त्यांनी लहानपणी पाहिली, 1999 साली संस्था काढली आणि तिला आईचं नाव दिलं. मानसिक त्रास असलेल्यांच्या हक्कांवर भारतात सर्वांत खणखणीत बोलणाऱ्यांपैकी त्या एक होत्या. 2024 साली त्या गेल्या.

आता कामाच्या गोष्टी. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र, मोफत, मराठीतही चालतो. मुलाला धोका असेल तर चाइल्ड हेल्पलाइनचा 1098. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी मनोरुग्णसेवा मोफत मिळण्याचा हक्क आहे, पिवळं कार्ड हातात नसलं तरी. पालक सांभाळण्याच्या अवस्थेत नसेल तर बालसंगोपन योजनेसाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारावं. स्थलांतराआधी जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात आणि केसपेपर बरोबर न्यावा, म्हणजे भिवंडीच्या किंवा वसईच्या दवाखान्यातही औषध चालू राहील.

नॉर्वेत 2010पासून कायदाच लागू आहे: मानसिक आजार, व्यसन किंवा गंभीर शारीरिक आजार असलेल्या रुग्णाला अल्पवयीन मुलं आहेत का, हे आरोग्य कर्मचाऱ्याने विचारायचं आणि त्या मुलांच्या गरजांकडे बघायचं. आपल्याकडे कायद्याची वाट बघायचं कारण नाही. डॉक्टर, सिस्टर, आशाताई, पुढच्या रुग्णाच्या केसपेपरवर गोळ्यांच्या खाली त्याच्या मुलांची नावं, वयं आणि सध्या ती कुणाकडे आहेत, एवढं लिहा.