सूचनापेटीची किल्ली

पत्र्याची पेटी, तिला हिरवा ऑइलपेंट, वर पत्र टाकायची फट आणि पांढऱ्या अक्षरांत ‘सूचनापेटी’. १९८६ साली पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात लागलो, तेव्हा कॅन्टीनच्या दारापाशी, हात धुवायच्या नळांच्या वर ही पेटी टांगलेली होती. तिसऱ्याच आठवड्यात साहेबांनी ती उघडायचं काम माझ्याकडे दिलं. किल्ली कुणाकडेच नव्हती. टाइम ऑफिस म्हणालं स्टोअरला विचारा, स्टोअर म्हणालं सिक्युरिटीला विचारा. शेवटी मेंटेनन्सच्या एका फिटरनं हॅक्सॉनं कुलूप कापून दिलं. आत एकवीस चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्यात जुनी सात वर्षांपूर्वीची होती.

ती एका टर्नरची होती. वहीचं पान, पेन्सिलीचं अक्षर, खाली नाव, तिकीट नंबर आणि तारीख. त्यानं लिहिलं होतं की टूल बिट आणायला लेथपासून स्टोअरच्या खिडकीपर्यंत १४० पावलं होतात आणि पाळीत सहा-सात खेपा पडतात. लेथच्या ओळीच्या टोकाशी छोटं कपाट ठेवलं तर हे चालणं वाचेल. मागच्या बाजूला त्यानं शॉपचा नकाशा काढला होता आणि कपाटाच्या जागी फुली मारली होती. ती पावलं मी स्वतः चालून मोजली. त्याचा हिशोब बरोबर होता. मग त्याला शोधायला निघालो, तर तो वर्षभरापूर्वी रिटायर झाला होता.

त्या पानामुळे मला सूचनापेट्यांचा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही. हल्ली ज्याला ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’ म्हणतात, त्याचं सगळं मर्म मला या पेटीत दिसतं.

रीत म्हणून थोडा इतिहास सांगून टाकतो. १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात प्रसिद्ध प्रयोग झाले. तिथे एकवीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या आणि माणूस केवळ पगारासाठी राबत नाही, हे व्यवस्थापनशास्त्राला पटू लागलं. ‘एंगेजमेंट’ हा शब्द आजच्या अर्थानं रुळवला विल्यम कान यांनी, १९९० साली. आपल्याकडे १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी वर्क्स कमिटीची तरतूद झाली. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं व्यवस्थापनातला कामगारांचा सहभाग राज्यघटनेच्या कलम ४३-अ मध्ये आणला. एवढं पुरे. आता पेटीकडे वळू.

माझी सगळ्यात आवडती पेटी कारखान्यातली नव्हेच. ती १७२१ सालची, एदो शहरातली, म्हणजे आजच्या टोकियोतली. इकडे थोरल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं मिळून जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा तिकडे जपानचे सत्ताधीश, आठवे तोकुगावा शोगुन योशिमुने यांनी न्यायसभेच्या दारात ‘मेयासुबाको’ नावाची पेटी ठेवली. महिन्यातून तीनच दिवस, दोन, अकरा आणि एकवीस तारखेला ती बाहेर यायची. शेतकरी, कारागीर, दुकानदार यांपैकी कुणीही तीत अर्ज टाकावा. अट एकच, की नाव आणि पत्ता लिहिलेला हवा. निनावी अर्ज जाळून टाकत. कुलूपबंद पेटी तशीच वाड्यात जायची आणि शोगुन ती स्वतः उघडायचे. किल्ली त्यांच्याकडेच असे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचं कापलेलं कुलूप आठवलं आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

निनावी अर्ज जाळण्याबद्दल मला आक्षेप आहे. ज्याची नोकरीच साहेबाच्या मर्जीवर चालते, त्यानं चिठ्ठीखाली नाव घालावं अशी अपेक्षा धरणं अन्याय आहे. पण योशिमुनेंच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवायलाच हवी. त्याच वर्षी यामाशिता कोनाई नावाच्या, कुणा धन्याच्या चाकरीत नसलेल्या एका सामुराईनं पेटीत लांबलचक अर्ज टाकला आणि खुद्द शोगुनांच्या काटकसरीच्या धोरणावर कडक टीका केली. त्याला शिक्षा झाली नाही, उलट बक्षीस मिळालं. नाव मागायचं तर नाव देणाऱ्याला असं सांभाळावं लागतं.

ओगावा शोसेन या शहरातल्या साध्या वैद्यानं याच पेटीत एक मागणी टाकली होती. गोरगरिबांसाठी, ज्यांच्या उशाशी बसायला कुणी नाही अशांसाठी, फुकट दवाखाना काढा. १७२२ साली तो निघाला. सरकारी औषधी बागेत, कोइशिकावा इथे. शोगुनशाही संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं तो चालला. कुरोसावांचा १९६५चा ‘रेड बिअर्ड’ ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी हाच दवाखाना पडद्यावर पाहिला आहे. ती बाग आता टोकियो विद्यापीठाकडे आहे. तिकडे मुलीकडे गेलो होतो तेव्हा हट्टानं तिथे गेलो. दवाखाना उरलेला नाही, पण त्याची विहीर आहे. १९२३च्या भूकंपात आसऱ्याला आलेल्या लोकांनी तिचंच पाणी प्यायलं. त्या विहिरीपाशी उभं राहून मी हिशोब करत होतो, एका कागदाचं आयुष्य किती असू शकतं याचा.

कारखान्यांतल्या पेट्यांची गोष्ट बरीच पुढची. स्कॉटलंडमधल्या डंबार्टनच्या डेनी जहाजगोदीनं १८८० साली कामगारांच्या सुधारणांना बक्षिसं द्यायची योजना काढली. ‘कटी सार्क’ हे नामांकित शिडाचं जहाज मूळ बांधणाऱ्यांचं दिवाळं निघाल्यावर पुरं केलं, ते याच डेनींनी. अमेरिकेत कोडॅकनं १८९८ साली योजना सुरू केली. पहिलं बक्षीस दोन डॉलरचं होतं. खिडक्या धुवा म्हणजे कामाच्या जागी उजेड येईल, एवढंच त्या कामगाराचं म्हणणं. मला ही सूचना फार आवडते. काच मळकी आहे हे तिच्याखाली दिवसभर डोळे ताणणाऱ्यालाच आधी कळतं.

आता टोयोटा. पण तिथे मी मोटारींकडून न जाता मागांकडून जातो, कारण माझं आजोळ इचलकरंजीचं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग आणला. आमच्या लहानपणी गल्लोगल्ली खडखडाट असे. त्या आवाजात आम्ही गाढ झोपायचो आणि शेजारचा माग थांबला की जाग यायची. मामा अंथरुणातूनच म्हणायचा, “धागा तुटला वाटतं.” मागवाला उठायचा, धागा जोडायचा, खडखडाट सुरू झाला की आम्ही पुन्हा झोपायचो.

नागोयात लाल विटांच्या जुन्या गिरणीच्या जागेवर टोयोटाचं उद्योग संग्रहालय आहे. तिथे साकिची तोयोदांचा १९२४चा ‘जी’ माग चालवून दाखवतात. धागा तुटला की माग आपोआप थांबतो. माणसानं एका मागावर डोळे लावून उभं राहायची गरज नाही, कारण काही बिघडलं तर माग स्वतःच सांगतो. या मागाचे हक्क १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी घेतले आणि तो पैसा मुलगा किइचिरो यांच्या मोटारीच्या प्रयोगांना कामी आला. बरोबरचे लोक गाड्या बघायला पुढे निघून गेले. मी मागापाशीच थांबलो. मामाची आठवण येत होती.

१९५० साली किइचिरोंची मोटार कंपनी बुडायला आली होती. दीड हजारांहून अधिक लोक घरी गेले, संप झाला, किइचिरोंनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्याच वर्षी त्यांचे चुलतभाऊ एइजी डेट्रॉइटजवळ फोर्डचा कारखाना पाहायला गेले. तिथल्या अजस्र यंत्रांइतकीच त्यांच्या लक्षात राहिली ती कामगारांकडून सूचना घ्यायची पद्धत. १९५१मध्ये टोयोटात ती सुरू झाली आणि पहिल्या ४० वर्षांत दोन कोटी सूचना आल्या. बक्षीस अगदी किरकोळ, कित्येकदा ५०० येन. पैशासाठी कुणी एवढं लिहीत नाही. चिठ्ठी पहिल्यांदा वाचायचा तो लगतचा वरिष्ठ, रोज शेजारी उभा असणारा. कल्पना कच्ची असेल तर ती पक्की करायला मदत करणं हेही त्याचंच काम. किल्ली अशी थेट शॉपमध्ये आली.

कुणी म्हणेल, ती जपानी माणसं, त्यांचं वेगळं. त्याला मी फ्रिमाँटचं उदाहरण देतो. कॅलिफोर्नियातल्या या गावात जनरल मोटर्सचा कारखाना होता. रोज शंभरातले वीस जण गैरहजर, संघटना आणि कंपनी यांच्यात उभं वैर. १९८२ साली कारखाना बंद पडला. १९८४मध्ये टोयोटाबरोबर तो पुन्हा उघडला, तेव्हा घेतलेल्या माणसांतली बहुतेक जुनीच होती आणि संघटनाही तीच. बदललं ते हे, की डोक्यावर एक दोरी आली. काही चुकतंय असं वाटलं तर कुणीही ती ओढावी. ओढली की टीम लीडर धावत येणार, गरज पडली तर सगळी लाइन थांबणार. पूर्वी लाइन थांबवणं म्हणजे गुन्हा होता. थोड्याच काळात गैरहजेरी उतरली आणि गाड्यांचा दर्जा वर गेला. साकिचींच्या मागाला जी मुभा होती, ती आता माणसाला मिळाली.

इथे थोडं विषयांतर. आमच्या शॉपमध्ये एक हेल्पर होता. “हो साहेब” यापलीकडे त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. एका वर्षी महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेसाठी आमच्या लोकांनी नाटक बसवलं आणि त्यात याला काम मिळालं. तालमीला मी सहज डोकावलो, तर हा दिग्दर्शकाला ठणकावून सांगत होता, “ही एंट्री डावीकडून घ्या, नाहीतर म्हातारीचं वाक्य झाकलं जातं.” दिग्दर्शकानं लगेच तसं करून पाहिलं. सकाळी सातला मशीनवर मुका असणारा माणूस संध्याकाळी सातला असा बोलत होता. तालमीत त्याला कुणीतरी विचारत होतं आणि तो सांगेल ते करून बघत होतं. कामगार रंगभूमीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण तिथली तालीम कारखान्याच्या साहेबांनी बघायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या पेटीला आम्ही नवं कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे आणि दुसरी संघटनेच्या सेक्रेटरीकडे. दर शनिवारी दोघांनी मिळून उघडायची. पंधरा दिवसांत प्रत्येक चिठ्ठीचं उत्तर बोर्डावर लावायचं. ‘नाही’ असेल तर का नाही, तेही लिहायचं. पहिले दोन महिने पेटी रिकामीच राहिली. लोक बोर्ड वाचायचे आणि निघून जायचे. मग वेल्डिंगमधल्या एकाची मागणी आम्ही फेटाळली आणि कारण चार ओळींत लिहिलं. पुढच्या शनिवारी पेटीत सात चिठ्ठ्या होत्या. नकाराचं कारण वाचून लोक लिहायला लागले, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

जुन्या एकवीस चिठ्ठ्यांचीही उत्तरं द्यायची असं ठरलं. कपाट टर्नरनं फुली मारली होती तिथेच बसलं. त्याचा पत्ता मिळाला साताऱ्याकडच्या एका गावचा. रविवारी एसटीनं गेलो. तो अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होता. मी ओळख सांगितली आणि वहीचं पान पुढे केलं. त्यानं हात धोतराला पुसले, पान घेतलं, उलटून नकाशा पाहिला.

“कपाट कुठं ठेवलं?”

“तुम्ही फुली मारलीत तिथेच.”

“तिथं पंख्याचा खांब आहे. दार पुरतं उघडत नसंल.”

खरंच उघडत नव्हतं. मी तसं म्हणालो. त्यानं आतून पेन्सिल मागवली, पान गुडघ्यावर घेतलं आणि पहिली फुली खोडून तिच्या शेजारी, खांबाच्या अलीकडे, दुसरी मारली.