परमुलखांतील आपली वकिलात

परदेशीं जाऊन स्थायिक झालेल्या मनुष्यास स्वदेशाच्या सरकारची आठवण सहसा होत नाहीं. नोकरी तेथली, कर तेथला, रस्ते व रुग्णालयें तेथलीं. मायदेशाशीं संबंध उरतो तो आप्तेष्टांच्या खुशालीपुरता. पण घरांत मूल जन्मास येतें, पासपोर्टाची मुदत संपत येते, किंवा गांवीं वडील निवर्ततात आणि जमिनीच्या वाटणीचा प्रश्न उभा राहतो. अशा प्रसंगीं त्याला एका कचेरीची पायरी चढावीच लागते. ती कचेरी म्हणजे भारताची वकिलात. तेथें कोणतीं कामें होतात व कोणतीं होत नाहींत, हें ज्याला अगोदर ठाऊक असतें त्याचें काम लवकर उरकतें. ज्याला तें ठाऊक नसतें त्याला हेलपाटे पडतात. आणि क्वचित् एखादा असा हक्क हातचा निसटतो, कीं जो पुढें पैसा ओतूनहि सहजीं परत मिळत नाहीं.

'वकील' हा शब्द मराठीला नवा नाहीं. पेशवाईंत निजामाच्या दरबारीं गोविंदराव काळ्यांसारखे मराठ्यांचे वकील राहत असत. परंतु त्यांचे विषय राज्याराज्यांमधले. तह, चौथाई आणि फौजांच्या हालचाली यांचे. परमुलखांत गेलेल्या एखाद्या सामान्य रयतेला दाखला लिहून देणें हें त्यांचें मुख्य काम नव्हे. आधुनिक काळांत हीं दोन कामें वेगळीं मानलीं जातात. राजधानींत राजदूत असतो, तो सरकारशीं बोलतो. मोठ्या शहरांतून कॉन्सल असतो, तो माणसांचीं कामें पाहतो. राजदूताच्या कचेरींतहि कॉन्सलचें खातें असतेंच. राष्ट्रकुलांतील देशांत या कचेरीला हाय कमिशन म्हणतात. लंडनच्या आल्डविच भागांत १९३० सालीं उघडलेल्या 'इंडिया हाउस'मध्यें भारताचें हाय कमिशन आहे. १९४७ पूर्वीं परदेशांत अडलेल्या हिंदी माणसाला ब्रिटिश कॉन्सलचेंच दार ठोठवावें लागे. आपलें दार असणें ही स्वातंत्र्याबरोबर आलेली गोष्ट आहे.

कॉन्सलच्या अधिकारांचा पाया १९६३ सालीं व्हिएन्ना येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारांत आहे. भारत त्यांत १९७७ सालीं सामील झाला. स्वदेशीयांना पासपोर्ट देणें, अडचणींत साहाय्य करणें, दस्तऐवज साक्षांकित करणें, जन्म-विवाहादि नोंदी ठेवणें हीं कामें त्या करारांत सांगितलेलीं आहेत. अटक झालेल्या परदेशी मनुष्याच्या मागणीवरून त्याच्या कॉन्सलला विनाविलंब कळविलें पाहिजे, असा त्यांतील छत्तिसाव्या कलमाचा दंडक आहे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणीं पाकिस्ताननें याच कलमाचा भंग केल्याचा निर्णय हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें १७ जुलै २०१९ रोजीं दिला. एरवीं कोरडें वाटणारें हें कलम प्रसंगीं केवढ्या मोलाचें ठरतें, हें यावरून ध्यानांत येईल.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. वकिलातीची जागा म्हणजे भारताची भूमि, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाहीं. कॉन्सलच्या कामकाजाच्या जागेंत स्थानिक पोलिसांना संमतीशिवाय सामान्यतः शिरतां येत नाहीं, एवढाच त्या जागेचा विशेष. जमीन त्या देशाचीच राहते. त्यामुळें कॉन्सल कोणाला तेथील कायद्यांतून सोडवूं शकत नाहीं, न्यायालयांत वकीलपत्र घेऊं शकत नाहीं, कीं नोकरी मिळवून देऊं शकत नाहीं. त्याची शक्ति मुख्यतः कागदांत आहे. पण ती शक्ति लहान नव्हे.

सर्वांत अधिक दक्षता हवी ती मुलाच्या जन्माच्या नोंदीविषयीं. पूर्वीं भारतीय आईबापांचें मूल परदेशांत जन्मलें तरी बहुधा आपोआप भारतीय ठरे. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यांत झालेल्या दुरुस्तीमुळें ३ डिसेंबर २००४ पासून तसें राहिलेलें नाहीं. आतां अशा मुलाचा जन्म एका वर्षाच्या आंत वकिलातींत नोंदवावा लागतो, आणि मुलापाशीं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाहीं असें आईबापांना लिहून द्यावें लागतें. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. अमेरिकेंत जन्मलेलें मूल सामान्यतः जन्मानेंच तेथलें नागरिक होतें. परंतु दुबईत किंवा कुवेतमध्यें जन्मलेल्या भारतीय मुलाला तो देश आपलें नागरिकत्व देत नाहीं. अशा मुलाची नोंद राहून गेली, तर त्याला कोणताच देश आपलें म्हणत नाहीं. बारशाच्या गडबडींत हा एक कागद विसरणें फार महाग पडूं शकतें.

दुसरी नेहमींची अडचण नांवाची. मराठी रीतीप्रमाणें स्वतःचें, वडिलांचें किंवा पतीचें, आणि आडनांव असे नांवाचे तीन भाग होतात. परदेशी छापील अर्जावर मात्र 'दिलेलें नांव' व 'आडनांव' असे दोनच रकाने. मग मधलें नांव एका कागदावर येतें, दुसऱ्यावर गळतें. विवाहित स्त्रीचें शाळेच्या दाखल्यावरील नांव माहेरचें आणि पासपोर्टावरील सासरचें. सातबाराच्या उताऱ्यावर तलाठ्यानें पूर्वापार चालत आलेलें 'पाटील' लिहिलेलें, तर पासपोर्टावर मूळ आडनांव. रोमन लिपींत 'चौधरी' हें एकच आडनांव चार तऱ्हांनीं लिहिलेलें आढळतें. घरच्यांना हें सारें एकच माणूस. पण खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यापुढें असतात ते केवळ कागद. म्हणून सर्व कागदांवरील नांवें एकमेकांशीं आधींच ताडून पाहावीं, आणि फरक आढळल्यास प्रतिज्ञापत्र किंवा विवाहाचा दाखला जोडावा.

जमीनजुमल्याच्या कामीं वकिलातीचा उपयोग मुखत्यारपत्रासाठीं होतो. भावाला किंवा बहिणीला आपल्या वतीनें व्यवहार करण्याचा अधिकार द्यावयाचा, तर त्या पत्रावर कॉन्सलसमक्ष सही करावी. घरूनच सही करून नेणें ही सर्वसाधारण चूक. कारण कॉन्सल साक्ष देतो ती मजकुराच्या खरेपणाची नव्हे, तर अमुक मनुष्यानें आपल्यासमोर सही केली या गोष्टीची. परदेशांत राहणाऱ्यानें तेथील नोटरीपुढें किंवा भारतीय कॉन्सलपुढें केलेलें मुखत्यारपत्र १९०८ च्या नोंदणी कायद्याला मान्य आहे. तें महाराष्ट्रांत पोंचल्यावर तीन महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांक शुल्क भरावें लागतें. ही मुदत अनेकजण चुकवितात. पत्रांत अधिकार मोजकेच द्यावे, हेंहि शहाणपणाचें. एका वाटणीपुरतें पत्र पुरेसें असतां सर्वाधिकार देऊन बसल्यामुळें भावाभावांत वितुष्ट आल्याचीं उदाहरणें गांवोगांव सांपडतात.

मुखत्यारपत्राला आणखी एक वाट आहे. १९६१ च्या हेग करारानें 'अपोस्टिल' नांवाचें एक प्रमाणपत्र सुरू केलें. स्थानिक नोटरीच्या सहीवर त्या देशाच्या सरकारनें अपोस्टिल लावलें, कीं करारांतील इतर देशांत तो कागद वकिलातीच्या शिक्क्याशिवाय चालतो. भारतास हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. सौदी अरेबिया २०२२ सालीं व कॅनडा २०२४ सालीं त्यांत आले.

ज्यांनीं परदेशाचें नागरिकत्व पत्करलें त्यांच्यासाठीं निराळा नियम आहे. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं; दुसरें स्वेच्छेनें घेतल्याक्षणीं पहिलें संपतें. म्हणून भारतीय पासपोर्ट वकिलातींत परत करून तसा दाखला घ्यावा लागतो. जुना पासपोर्ट पेटींत ठेवून त्यावर प्रवास करणें हा गुन्हा आहे. त्यानंतर २००५ सालीं सुरू झालेल्या परदेशस्थ भारतीय नागरिक योजनेखालीं कार्ड मिळूं शकतें. त्याला 'नागरिक' म्हटलें असलें, तरी त्यानें मताचा हक्क मिळत नाहीं व शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वारसाहक्कानें आलेली जमीन मात्र ठेवतां येते.

आखाती देशांत मजुरी करणाऱ्यांची गोष्ट याहून बिकट. मालक कामगाराचा पासपोर्ट स्वतःच्या कपाटांत ठेवतो, असा प्रकार तेथें वारंवार घडतो. परंतु पासपोर्ट ही कायद्यानें भारत सरकारची मालमत्ता आहे. ती अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याहि मालकाला नाहीं. अशा वेळीं वकिलातीकडे तक्रार करावी. पासपोर्ट हरवल्यास प्रथम पोलिसांत वर्दी द्यावी, मग नव्यासाठीं अर्ज करावा. घरीं परतण्याचीच निकड असेल, तर केवळ स्वदेशापर्यंतच्या एकेरी प्रवासासाठीं आपत्कालीन दाखला दिला जातो. या सर्व प्रसंगीं पासपोर्टाच्या पानांची वेगळी ठेवलेली नक्कल फार उपयोगी पडते.

जाण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, आपला पत्ता कोणत्या वकिलातीच्या कक्षेंत येतो. दुबई-शारजाचा रहिवासी दुबईच्या वकिलातीकडे, तर अबूधाबीचा तेथील राजदूतावासाकडे. दुसरी, अर्ज कोठें द्यावयाचा. पुष्कळ देशांत ते स्वीकारण्याचें काम खाजगी केंद्रांकडे सोंपविलेलें आहे, निर्णय मात्र वकिलातीचाच असतो. तिसरी, ताजें शुल्क व कागदांची यादी. ती शेजाऱ्याच्या गेल्या वर्षींच्या आठवणीवर विसंबून न ठरवितां वकिलातीच्या सूचनेवरूनच पाहावी. दूरच्या गांवीं राहणाऱ्यांसाठीं अधिकारी अधूनमधून शिबिरेंहि भरवितात.

या शुल्काविषयीं एक गोष्ट थोड्यांनाच माहीत असते. त्यासोबत एक लहानशी रक्कम २००९ सालीं स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीसाठीं घेतली जाते. त्या निधींतून निराधार कामगाराचें परतीचें तिकीट काढलें जातें, मारहाणीला कंटाळून पळालेल्या मोलकरणीला आसरा मिळतो, आणि परमुलखांत मरण आलेल्या गरिबाचा देह त्याच्या गांवीं पोंचविला जातो. खिडकीपुढें ताटकळून पासपोर्ट नवा करून घेणारा सुखवस्तु मनुष्य नकळत आपल्या एखाद्या अनोळखी देशबांधवाची घरची वाट मोकळी करीत असतो.