परमुलखाचा हिवताप आणि मावळचा दवाखाना

पावसाळ्याचे पाणी इंद्रायणी, आंद्रा आणि पवना या नद्यांच्या खोऱ्यांत उतरून भातखाचरांच्या बांधांवरून वाहू लागले, की मावळ तालुक्यातील दवाखान्यांपुढे तापाने फणफणलेल्या माणसांची रांग लागते, आणि त्याच सुमारास वडगावच्या कचेरीपासून कामशेतच्या बाजारापर्यंत एक प्रश्नही ऐकू येऊ लागतो. हिवतापाची लस पुण्यात तयार होते, ती जहाजांनी आणि विमानांनी आफ्रिकेत रवाना होते, आणि आंदर मावळातील एखाद्या वाडीवरच्या बाळंतिणीला मात्र रात्री डॉक्टर भेटेल याची शाश्वती नसते, हा न्याय कोणता? प्रश्न विचारणाऱ्याची तळमळ खरी असते आणि तिच्यामागची गैरसोयही खरी असते. म्हणूनच त्या प्रश्नात मिसळलेले गैरसमज वेगळे काढून दाखवणे अगत्याचे आहे, कारण चुकीच्या दारावर कितीही वेळ थाप मारली तरी ते दार उघडत नाही.

या गैरसमजांपैकी पहिला असा, की देशाचा खजिना म्हणजे एकच रांजण असून त्यातून परक्यासाठी जेवढे पाणी उपसले जाईल तेवढे घरच्यांच्या ओंजळीत कमी पडेल. जमाखर्चाचा तपशील मात्र निराळे सांगतो. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व परकीय राष्ट्रांना द्यावयाच्या साहाय्यापोटी सुमारे 5,483 कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली होती. म्हणजे केंद्राच्या एकूण खर्चातील दर शंभर रुपयांमागे सुमारे 11 पैसे. त्यांतील 2,150 कोटी रुपये एकट्या भूतानच्या वाट्याचे होते, आणि ‘आफ्रिकी देश’ या सदराखाली, केवळ आरोग्यासाठी नव्हे तर सर्व प्रकारच्या साहाय्यासाठी मिळून, 225 कोटी. त्याच अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाची तरतूद सुमारे 99,859 कोटींची होती. एड्स, क्षय आणि हिवताप यांच्याशी लढणाऱ्या जागतिक निधीला भारताने 2022 साली तीन वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर देण्याचे मान्य केले खरे. परंतु हा निधी 2002 साली स्थापन झाल्यापासून भारताने त्याच्याकडून घेतलेली रक्कम याच्या कित्येक पट भरते, आणि ईशान्येकडील राज्यांत वाटल्या गेलेल्या कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्यांचा मोठा खर्च त्याच खात्यातून झालेला आहे. परदेशी साहाय्याच्या रकमेविषयी असा भ्रम केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत वेळोवेळी झालेल्या लोकमताच्या पाहण्यांत तेथील नागरिक आपल्या सरकारचा सुमारे चतुर्थांश खर्च परदेशांवर होतो असे अंदाजाने सांगत आले आहेत. प्रत्यक्षात तो शेकडा एकाच्या आसपास असे. त्याच अमेरिकेने 2025 च्या जानेवारीत परदेशी साहाय्य गोठवले, तेव्हा तिच्या दवाखान्यांत किती भर पडली हे सांगणे कठीण आहे. आफ्रिकेतील मच्छरदाण्यांचे आणि औषधांचे वाटप मात्र ठिकठिकाणी विस्कळीत झाले.

याहून महत्त्वाची बाब घटनेची आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत येतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून केंद्राचा पैसा येतो हे खरे; तरीही प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिक्त पद भरायचे की नाही, वैद्यकीय अधिकाऱ्याने मुक्कामी राहावे याची तजवीज करायची की नाही, हे मुंबईच्या मंत्रालयात आणि पुण्याच्या जिल्हा परिषदेत ठरते, दिल्लीच्या परराष्ट्र खात्यात नव्हे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचा शेकडा आठांहून अधिक भाग आरोग्यावर खर्चावा असे उद्दिष्ट घालून दिले. मावळातील दवाखान्याचा हिशेब मागायचा तर तो या उद्दिष्टासमोर मागावा लागेल. आफ्रिकेचे 225 कोटी उद्या रद्द झाले तरी त्यातला एक रुपयाही आपोआप नाणे मावळात उतरणार नाही.

आता लसीविषयी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने तयार केलेल्या ‘आर 21’ या लसीची जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये शिफारस केली, आणि जुलै 2024 मध्ये आयव्हरी कोस्टमधील बालकांना तिचे पहिले डोस देण्यात आले. ही लस म्हणजे भारताने केलेले दान आहे, असे अनेकांना वाटते. वस्तुतः ती विकली जाते. डोसामागे 2 ते 4 डॉलर अशी तिची किंमत सांगितली गेली, आणि ती गॅव्ही व युनिसेफ यांसारख्या संस्था विविध राष्ट्रांनी दिलेल्या निधीतून खरेदी करतात. दुसऱ्या शब्दांत, श्रीमंत राष्ट्रांनी आफ्रिकेसाठी काढलेल्या पैशाचा काही भाग पुण्यातील कामगारांच्या वेतनात आणि सरकारच्या करात उतरतो. परदेशी साहाय्य आटले, तर त्याची झळ या कारखान्यालाही लागेल.

‘मग आधी आपल्या मुलांना का टोचत नाहीत?’ असेही विचारले जाते. त्याचे उत्तर रोगाच्या स्वरूपात आहे. हिवतापाचे परजीवी एकाच जातीचे नसतात. आर 21 ही लस फाल्सिपेरम या जातीविरुद्ध काम करते. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीवर, जिचा भारतातील हिवतापात मोठा वाटा आहे, या लसीचा उपयोग नाही. ज्या प्रदेशांत पाच महिन्यांच्या बाळापासून पुढे वारंवार फाल्सिपेरमची लागण होते, तेथेच चार डोसांचा खटाटोप सार्थकी लागतो, आणि म्हणूनच तिची परीक्षा बुर्किना फासो, माली, केनिया व टांझानिया येथील सुमारे 4,800 बालकांवर घेण्यात आली. 2023 साली जगात हिवतापाने सुमारे 5 लाख 97 हजार माणसे दगावली; त्यांतील शेकडा 95 आफ्रिका विभागातील होती, आणि त्या विभागातील मृतांपैकी चारांत तीन पाच वर्षांखालील मुले होती. भारतात त्याच वर्षी नोंदलेले रुग्ण 2,27,564 आणि मृत्यू 83. 2015 साली हेच आकडे 11,69,261 आणि 384 होते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हिवतापाचे एक मोठे ठाणे गडचिरोलीच्या जंगलात आहे, आणि तेथेही आजवर आधार झाला आहे तो मच्छरदाणीचा, फवारणीचा आणि वेळेवर घेतलेल्या रक्तनमुन्याचा. मावळच्या मुलाला ही लस मिळत नाही यात त्याच्यावर अन्याय नाही. त्याला तिची गरज नाही.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज मात्र असा आहे, की साहाय्य ही एकाच दिशेने वाहणारी गोष्ट असून आपण सदैव देणारे होतो किंवा सदैव घेणारे होतो. लोणावळ्याहून पुण्याकडे लोकलने निघालेल्या प्रवाशाला तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड मागे टाकल्यावर पिंपरीचे स्थानक लागते. या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या आणि युनिसेफने दिलेल्या यंत्रसामग्रीच्या आधाराने. त्याच्या दोन वर्षे आधी, 1952 साली, पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, ते भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या संयुक्त विद्यमाने. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. त्या काळी अमेरिकेतही, आपल्याकडे दवाखाने अपुरे असताना हिंदुस्थानात पैसा का घालवायचा, असे विचारणारे लोक असणारच. त्यांचे म्हणणे सर्वमान्य झाले असते, तर आज पुणे ज्या औषधविद्येचा अभिमान बाळगते तिची पायाभरणी बरीच लांबली असती.

हिवतापाच्या बाबतीत तर हा इतिहास अधिकच बोलका आहे. स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी देशात दरसाल सुमारे साडेसात कोटी माणसांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख माणसे त्याने दगावत, असा अंदाज होता. मुंबई इलाख्यातील हिवताप खात्याचे प्रमुख डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी महायुद्ध संपता संपता धारवाड आणि उत्तर कानडा या जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून रोग हटवता येतो हे प्रत्यक्ष दाखवून दिले. एप्रिल 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यासाठी लागणारी डीडीटी, फवाऱ्याची यंत्रे आणि मोटारी यांचा मोठा भाग अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्यातून आला. मनुष्यबळ, अनुभव आणि गावोगावची पायपीट आपली होती. विश्वनाथन यांनी 1958 साली या मोहिमेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याच्या उपशीर्षकातच त्यांनी तिला भारत आणि अमेरिका यांचा सहकारी उद्योग म्हटले, आणि त्यात त्यांना कोठेही कमीपणा वाटला नाही. त्यातून देशी कारखानदारीही उभी राहिली: 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सने दिल्लीत डीडीटी तयार करण्यास प्रारंभ केला, तोही युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीनेच.

याच इतिहासात ‘रोग एकदा हटला की काम संपले’ या समजुतीचेही खंडन आहे, आणि ते फार महागात पडून झालेले आहे. 1965 च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या एक लाखापर्यंत खाली आली. रोग गेला असे गृहीत धरून दक्षता सैल झाली, परदेशी साहाय्य ओसरले, डीडीटीचा पुरवठा वेळेवर होईना, डासही तिला दाद देईनासे झाले, आणि शहरांकडे मुळात पुरेसे लक्ष दिले गेलेच नव्हते. परिणामी 1976 साली नोंदलेल्या रुग्णांची संख्या 64 लाखांच्या वर गेली. आज आफ्रिकेतील मदत अर्ध्यावर थांबवू पाहणाऱ्यांनी हे अकरा वर्षांचे भारतीय प्रकरण नजरेखालून घालावे, असे मला मनापासून वाटते. 2023 साली जगाने हिवतापावर सुमारे 4 अब्ज डॉलर खर्च केले, गरज 8.3 अब्जांची होती.

पैशाबरोबर ज्ञानही ये-जा करते, आणि दुर्दैवाने डासही करतात. हिवताप घाणीतून होतो असे आपल्याकडे सर्रास समजले जाते, परंतु गटारात वाढणारा क्युलेक्स डास हिवताप पसरवीत नाही. ते काम अॅनाफिलीस जातींचे आहे, आणि त्यांना बहुधा स्वच्छ पाणी लागते. सह्याद्रीच्या पायथ्याशी संथ झऱ्यांत वाढणारी अॅनाफिलीस फ्लुव्हिएटिलिस ही त्यांतील एक, आणि शहरातील विहिरी, टाक्या व हौद यांत वाढणारी अॅनाफिलीस स्टीफेन्साय ही दुसरी. मुंबईत हिवताप कसा पसरतो याची चौकशी करताना डॉ. बेंटली यांनी 1911 साली याच विहिरींवर बोट ठेवले होते, आणि तेव्हापासून विहिरी झाकणे, टाक्यांची तपासणी करणे हा मुंबईच्या कारभाराचा भाग बनला. ही स्टीफेन्साय 2012 साली जिबूतीत आढळली, पुढे इथिओपियात पसरली, आणि 2022 साली तेथील दिरे दावा या शहरातील साथीशी तिचा संबंध सिद्ध झाला. आफ्रिकेचा हिवताप आजवर मुख्यतः खेड्यांचा होता. तो शहरांत शिरला, तर त्याला कसे तोंड द्यावे याचा शतकाचा अनुभव मुंबईपाशी आहे. असा अनुभव देऊन आपल्या खजिन्यातून फारसे काही जात नाही.

साहाय्याचा प्रत्येक पैसा योग्य जागी पडतो असा दावा कोणी करू नये. अफरातफरी झाल्या आहेत, आणि परदेशी कचेऱ्यांत आखलेल्या योजना स्थानिक गरजेशी विसंगत ठरल्याचीही उदाहरणे आहेत. साहाय्य म्हणून ज्याचा उल्लेख होतो त्यातला काही भाग मुळात कर्ज असतो: 1997 नंतर महाराष्ट्रासह आठ राज्यांच्या आदिवासी भागांत चाललेला हिवताप नियंत्रणाचा मोठा प्रकल्प जागतिक बँकेच्या कर्जावर उभा होता. या दोषांचा कसून हिशेब मागावा. तो मागण्यासाठी साहाय्य बंद करण्याची आवश्यकता नाही.

राहता राहिली मावळची गरज, आणि ती दुय्यम आहे असे सुचवण्याचा येथे अणुमात्र हेतू नाही. पावसात वाटा निसरड्या झाल्यावर कातकरी आणि ठाकर वस्त्यांवरील रुग्णाला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावे लागणे ही स्वतंत्र भारताच्या औद्योगिक पट्ट्याला लागून असलेल्या तालुक्याला लाज आणणारी गोष्ट आहे. तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांत व बांधकामांवर झारखंड, ओडिशा, छत्तीसगड येथून मजूर येतात, आणि त्यांच्यापैकी काहींच्या रक्तातून हिवतापाचे परजीवीही येतात. आलेल्या मजुराचा रक्तनमुना काचपट्टीवर घेणे आणि व्हायवॅक्स आढळल्यास यकृतात दडून राहिलेल्या परजीवींसाठी वैद्यकीय सल्ल्याने प्रायमाक्वीनचा चौदा दिवसांचा पूर्ण क्रम देणे, हे काम आरोग्यसेवक आणि आशा कार्यकर्तीच करू शकतात. त्यांची पदे भरलेली आहेत काय, काचपट्टी तपासणारा तंत्रज्ञ आहे काय, सर्पदंशावरील प्रतिविष शीतपेटीत आहे काय, आणि ते टोचणारा डॉक्टर रात्री हजर असतो काय, हे प्रश्न विचारण्याची जागा ठरलेली आहे: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णकल्याण समिती, गावची आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, आणि तेथे दाद न लागल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखालील अर्ज. रुग्णकल्याण समितीचा जमाखर्च कागदावर असतो आणि तो पाहण्याचा हक्क नागरिकाला आहे. पावसाळा सुरू होण्यापूर्वीच्या बैठकीला जाऊन तो मागावा.