पेंडीचा पुरवठा ठरतो ताडाच्या पोयीत

सरकीची, शेंगदाण्याची, खोबऱ्याची पेंड आपल्या गोठ्यांना ठाऊक आहे. तेलताडाच्या मगजाची पेंड मात्र आपल्याकडे फार थोड्यांनी हाताळली असेल. जगात ती दरवर्षी सुमारे एक कोटी टन तयार होते आणि त्यातला बहुतेक वाटा इंडोनेशिया व मलेशिया या दोन देशांचा असतो.

तेलताडाच्या फळातून दोन तेले मिळतात. बाहेरच्या केशरी गरातून पामतेल निघते. आतल्या कठीण कवचात मगज असतो, त्यातून खोबरेलाच्या जातीचे तेल निघते आणि ते गाळून जे उरते ती ही पेंड. 100 किलो घडांतून साधारण 20 किलो पामतेल आणि 5 किलो मगज मिळतो. मगजातून निम्मी, म्हणजे जेमतेम अडीच किलो पेंड येते. एवढ्यासाठी कोणी ताड लावत नाही. त्यामुळे पेंडीचा भाव चढला म्हणून ती जास्त पिकत नाही आणि पडला म्हणून कमीही होत नाही. तिच्या पुरवठ्याची दीर्घकाळची चाल समजून घ्यायची, तर पशुखाद्याचा बाजार बाजूला ठेवून झाडाकडेच पाहिले पाहिजे.

या चालीतले सर्वांत मोठे वळण एका सोंड्या भुंग्याने आणले. तेलताड मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. आग्नेय आशियात झाड आले, पण त्याचे परागण करणारा कीटक मागेच राहिला. मलेशियाच्या मळ्यांत मजूर हाताने परागण करत. रहमान सय्यद या कीटकशास्त्रज्ञांनी कॅमेरूनमध्ये अभ्यास करून दाखवले, की हे काम वाऱ्याचे नसून ‘एलाइडोबियस कॅमेरुनिकस’ या काही मिलिमीटरच्या भुंग्याचे आहे. तो ताडाच्या नर पोयीवर, म्हणजे फुलोऱ्यावर, वाढतो. मादी पोय फुलली, की तिलाही नर पोयीसारखाच बडीशेपेचा वास येतो. त्या वासाने भुंगा तिकडे जातो आणि अंगावरचे पराग तिथे सांडतात. काटेकोर चाचण्यांनंतर 1981 मध्ये हे भुंगे मलेशियाच्या जोहोर राज्यात सोडले गेले आणि हाताने परागण करणे थांबले. परागण न झालेल्या फळात थोडेफार तेल असू शकते, मगज मात्र नसतोच. म्हणून भुंगा आल्यावर मगजाचे, पर्यायाने पेंडीचे उत्पादन पामतेलापेक्षाही जास्त प्रमाणात वाढले. शेतीच्या इतिहासात इतक्या लहान जिवाने इतका मोठा पुरवठा उभा केल्याची उदाहरणे विरळा.

दुसरी गोष्ट पावसाची. ताडाच्या प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय धरते. ती नर होणार की मादी, हे घड पिकण्याच्या सुमारे दोन वर्षे आधी ठरते. पाण्याचा ताण पडला तर नर पोयी वाढतात. पुढे वाढीच्या काळात ताण आला तर पोयी गळूनही जातात. त्यामुळे एल निन्योचा फटका त्याच हंगामात पुरता दिसत नाही, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत तो जाणवत राहतो. 2015 च्या कोरड्या वर्षानंतर 2016 मध्ये मलेशियाचे पामतेल उत्पादन सुमारे दोन कोटी टनांवरून 1.73 कोटी टनांवर घसरले, आणि मगजही त्याबरोबर घटला.

तिसरी गोष्ट वयाची. पंचवीस वर्षांचा ताड इतका उंच होतो, की घड काढणे परवडत नाही. तो तोडून नवा लावला, तर पहिली तीन वर्षे हाती काही येत नाही. मलेशियात नव्या लागवडीला जमीन फारशी उरलेली नाही आणि जुन्या बागा वाढत आहेत. इंडोनेशियाने 2006 च्या सुमारास उत्पादनात मलेशियाला मागे टाकले, पण जंगलतोडीमुळे तिथेही नवे परवाने आता सहज मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पुढच्या दशकात पेंड वाढेल ती नव्या जमिनीतून नव्हे, तर पुनर्लागवडीतून, असे माझे मत आहे.

मागणी आपल्या वाटेने चालते. शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंड ही पेंड नाममात्र घेत होता. दुष्काळात गवत आटले आणि पुढच्या दशकात त्याची आयात वर्षाला सुमारे वीस लाख टनांवर गेली. मग जास्त पेंडीने दुधाच्या स्निग्धांशाचा पोत बदलतो, असे लक्षात आल्यावर 2018 पासून तिथल्या फॉन्टेरा या दूध सहकारी संस्थेने त्यावर अंकुश आणला. मळ्यांतले ताड तरीही पूर्वीइतकेच घड देत राहिले.

भारत जगातला सर्वांत मोठा पामतेल आयातदार आहे. तेल आपण आणतो. त्याच फळाची पेंड इतर देशांच्या गोठ्यांत जाते. 2021 च्या राष्ट्रीय अभियानाने तेलताडाचे क्षेत्र 10 लाख हेक्टरवर नेण्याचे लक्ष्य ठेवले. त्यात आंध्र प्रदेश आणि तेलंगण आघाडीवर आहेत. हेक्टरी 15 टन घड धरले, तर तेवढ्या क्षेत्रातून वर्षाला पावणेचार लाख टन पेंड मिळू शकते. तिच्यात 14 ते 18 टक्के प्रथिने असतात. तंतू जास्त असल्याने कोंबड्यांना ती फारशी पचत नाही, गाई-म्हशींना मात्र चालते. ही पेंड हाती यायची, तर तेल गिरण्यांबरोबरच मगज फोडून गाळणारे कारखाने बागांजवळ उभे राहिले पाहिजेत, आणि त्यांचे नियोजन रोपे लहान असतानाच झाले पाहिजे.