लाकूड वाळू द्या, मगच दार जोडा

नांदेड जिल्ह्यात किनवटच्या जंगलाचे सागवान मिळते (घेताना पावती व वाहतूक परवाना मागून घ्यावा). लातूरकडे जंगल नावालाच. तिथे बांधावरच्या बाभळी-कडुनिंबावर भागवावे लागते. लाकूड कोणतेही असो, घाई नडते. ओली फळी वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत मात्र आटते. म्हणून पावसाळ्यात जोडलेले दार मे महिन्यात चिरते आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन उभे राहते. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत थप्पी लावावी. इंचभर जाडीला साधारण वर्ष, असा जुना हिशेब आहे. एवढे भांडवल अडकवणे छोट्या कारागीर बांधवांना परवडत नाही, हे खरेच. त्यांनी निदान दाराचे पॅनेल खाचेत सरसाने चिकटवू नये, मोकळे बसवावे. मग ते आटले तरी चिरत नाही.