मागचं झाकण

हाताने बनवलेली इलेक्ट्रिक गिटार पुढून पाहू नये. पुढून ती कुठल्यातरी परदेशी गिटारीची नक्कलच दिसते. बनवणारा माणूस कळतो तो मागचं झाकण उघडल्यावर. म्हणून चंद्रपुरात एका निवृत्त फिटरच्या माळ्यावरून अशी एक गिटार खाली उतरली, तेव्हा तारा छेडण्याआधी मी पेचकस मागितला.

झाकण पत्र्याचं, कातरीने कापून कानशीने घासलेलं. आत काळी पडलेली वायर, सोल्डरचे जाडजूड गोळे आणि रेडिओतून काढलेले दोन व्हॉल्यूम कंट्रोल. हे सोल्डर मी बराच वेळ पाहतो. पन्नास वर्षांचं सोल्डर राखाडी आणि मंद दिसतं; एखादाच सांधा चकचकीत असेल तर तिथे नंतर कुणीतरी हात घातलेला असतो. अमेरिकन गिटारींच्या कंट्रोलवर कारखान्याचा, वर्षाचा आणि आठवड्याचा आकडा ठोकलेला असतो, त्यावरून संग्राहक वय काढतात. आपल्याकडे ती सोय नाही. इथे वय सांगतात ते स्क्रू, पॉलिश आणि लाकूड.

या गिटारीची मूळ गरज साधी होती. तेव्हा परदेशी वाद्य आणायचं म्हणजे परवाना आणि जकात. पगारदार माणसाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. मुंबईत व्हॅन शिपले स्वतःच्या कल्पनेतल्या आठ तारांच्या इलेक्ट्रिक गिटारवर हिंदी चित्रपटगीतं वाजवत होते, त्यांच्या तबकड्या घरोघर पोचल्या. गणपतीत कारखान्याच्या वसाहतीचा ऑर्केस्ट्रा उभा करणाऱ्या पोरांना तोच आवाज हवा होता. हाताशी होतं तिथलं वर्कशॉप आणि सागवान.

फक्त आपल्याकडेच असं झालं असंही नाही. लंडनच्या ब्रायन मे यांनी 1963 मध्ये वडिलांबरोबर गिटार बनवायला घेतली. तिची मान शंभराहून जास्त वर्षं जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीतून कोरली, स्प्रिंगा मोटरसायकलच्या वापरल्या. पुढे 'क्वीन' बँडची गाणी त्याच गिटारीवर वाजली.

आता लाकूड. परदेशी गिटारीचं धड बहुधा अल्डर किंवा ॲशचं. अल्डर घनमीटरला चारशे-साडेचारशे किलो भरतं. सागवान साडेसहाशेच्या आसपास. त्यामुळे आपल्या भागातली घरगुती गिटार खांद्यावर घेतली की दुसऱ्या गाण्यालाच पट्टा रुततो. ढोल कोरणाऱ्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. ते हलकं शिवण वापरतात. पण फिटरला ढोलवाल्याकडे जायचं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्याला सागवानच हवं होतं. चंद्रपूर-गडचिरोलीत सागवान म्हणजे इभ्रत. अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून सागवान निघालं तेव्हा शोभायात्रा काढली होती. आलापल्लीजवळचा जुन्या सागाचा टापू तर 1953 पासून राखून ठेवलेला आहे.

मानेवरची बोटांची पट्टी मात्र शिसमची होती, जवळजवळ काळी. शिसम कठीण आणि तेलकट असतो, बोटांच्या घामाला दाद देत नाही. जगभरचे गिटार बनवणारे भारतीय शिसमासाठी याच कारणाने धडपडतात. 2017 मध्ये शिसमाची सगळी कुळी 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराखाली आली, तेव्हा गिटारींचा व्यापार अडला. तयार वाद्यांना 2019 च्या नोव्हेंबरमध्ये सूट मिळाली.

पॉलिश ओळखायची रीत सोपी. झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावायचा. बोट चिकटलं तर चपडीचं पॉलिश, म्हणजे पळस-कुसुमावरची लाख. नुसतं गार लागलं तर अलीकडचा रासायनिक रंग. इथे बोट चिकटलं. मग मल्टिमीटर लावला. पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली असते, आणि धड पिकअप साधारण सहा ते आठ किलोओहम दाखवतो. पुढचा साडेसहा दाखवत होता. मागचा मुकाच; तार कुठेतरी तुटलेली. वेढे एकसारखे नव्हते, एका टोकाला फुगीर. शिलाई मशीनच्या बॉबिन गुंडाळणीवर फिरवले होते, असं फिटरनेच सांगितलं.

त्यांचा मुलगा म्हणाला, "मोटार वाइंडिंगवाल्याकडून भरून घेतो ना भाऊ. पॉलिशही मारतो. नवीसारखी दिसन."

मी हात जोडले. नव्यासारखी गिटार बाजारात पाच-सहा हजारांत मिळते, तीही हलकी. ही तशी झाली की तिच्यात घेण्यासारखं काही उरत नाही. तुटका पिकअप तुटकाच राहू दे, वाजवायचं असेल तर दुसरा बाहेरून लावता येतो. जुनी भांडी कल्हई करून वापरावी, पण असं वाद्य कल्हई करून विकू नये, हे जुनी वाद्यं शोधण्याच्या आमच्या छंदातल्या अर्ध्या लोकांनाही अजून पटत नाही.

गिटार मी घेतली नाही. ते द्यायला तयार नव्हते, आणि ते बरोबरच होतं. तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर एवढं करा: बनवणारा हयात असेल तर त्याच्याच हाताने त्याचं नाव, साल आणि लाकूड कुठून आणलं ते एका कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद मागच्या झाकणाच्या आतून चिकटवून टाका.